नमस्काराच्या पुढचं

नव्या मॅडमनी कामावर रुजू झाल्याच्या तिसऱ्याच दिवशी कविराजांना केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "तुमचं हे सगळं ऐकतं कोण?"

सव्वीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न कविराजांना कोणी विचारला नव्हता. पोस्टरं किती छापली, किती चिकटवली, किती उरली, उरलेल्यांना वाळवी लागली असेल तर तिचा पंचनामा झाला का, असे रीतसर प्रश्न येत आणि त्यांची रीतसर उत्तरं फाइलीत तयार असत. पण ऐकतं कोण? नळाला पाणी सोडणारा माणूस ते पाणी कोण पितं हे बघत बसतो का? हे सगळं कविराजांच्या अगदी ओठावर आलं होतं. तोंडातून मात्र "बघून सांगतो, मॅडम" एवढंच निघालं.

कविराज हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कुटुंब कल्याण खात्याच्या प्रसिद्धी विभागात घोषवाक्यं लिहिण्याचं काम त्यांच्याकडे होतं आणि यमक जुळवण्याची त्यांना खोड होती, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. 'दोघांत तिसरा? घाई विसरा!' हे बसस्टँडच्या भिंतीवरचं वाक्य त्यांचंच. त्या वाक्यावर त्यांचा फार जीव. त्याच्याखाली लोक काय काय करतात, ते सांगण्यासारखं नाही.

"शुक्रवारपर्यंत पन्नास फॉर्म भरून आणा," मॅडम म्हणाल्या. "अठरा ते तीस वयाची मुलंमुली. प्रश्न तीनच. संदेश पाहिला किंवा ऐकला का? काय समजलं? त्यानंतर काय केलं? नाव लिहायचं नाही, म्हणजे खरं लिहितील. पन्नासात एकाने जरी तुमचं ऐकून काही केलेलं असलं, तरी मी वर सांगू शकेन की विभाग ठेवा. नाहीतर तुम्हाला मूषक निर्मूलनात विलीन करायचा आदेश आलाय."

मूषक निर्मूलन विभाग अंगणापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. तिथे पिंजरे होते, एक विशिष्ट वास होता आणि शेपट्या मोजणारा एक कारकून होता. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली असताना आपण त्या कारकुनाच्या शेजारी बसलो आहोत, हे दृश्य कविराजांच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्यांना घाम फुटला. बातमी त्यांच्याआधी अंगण ओलांडून गेली होती. मूषकवाल्यांचे साहेब जिन्यात भेटले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "या, या. इतकी वर्षं माणसांची वाढ रोखलीत, आता उंदरांची रोखू. उंदीर निदान पिंजऱ्यात तरी येतात."

आता घरचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कविराजांच्या मुलाच्या लग्नाला दोन वर्षं चार महिने झाले होते. हा हिशेब त्यांच्या बायकोचा. ती दिवससुद्धा सांगू शकली असती. नातवंडासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता. पण सुनेला थेट विचारणं बरं दिसत नाही, म्हणून ती रोज नवऱ्याला विचारायला सांगे.

"अहो, तुमचं तर कामच आहे ना ते! अख्ख्या गावाला सांगत सुटता, मग घरात विचारताना जीभ टाळूला चिकटते का?"

चिकटत असे. कविराज बायकोला दटावत, "त्यांचं ते बघतील." पण खरं म्हणजे त्यांनाही घाई झाली होती. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी माळ्यावरून मुलाचा जुना लाकडी घोडा खाली काढला, घासला आणि लाल रंगवला. "वाळवी लागली का बघतोय," असं त्यांनी घरात जाहीर केलं होतं. तेव्हापासून तो घोडा घरातल्या बोळात उभा होता आणि येणाराजाणारा प्रत्येक माणूस त्याला ठेचकाळत होता.

असो. मंगळवारी कविराज फॉर्मांचा गठ्ठा घेऊन कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेले. तिथे तरुण पोरांची कायम गर्दी, आणि भिंतीवर विभागाचं पोस्टर चार वर्षं लागलेलं: स्कूटरवर हसणारा नवरा, मागे हसणारी बायको, पुढे उभं असलेलं हसणारं एकच मूल आणि खाली घोषवाक्य. अकरा जणांनी फॉर्म भरले. पोस्टर सगळ्यांनी पाहिलं होतं. कविराजांची छाती भरून आली. मग त्यांनी दुसरा प्रश्न वाचला. काय समजलं? नऊ जणांनी लिहिलं होतं, स्कूटर. एकाने लिहिलं होतं, 'बाईने हेल्मेट घातलेलं नाही.' आणि अकरावा, गालाला फेस लावलेला, सहानुभूतीने म्हणाला, "काका, ते मॉडेल बंद झालं हो. आता घेऊ नका."

"अरे, पण खालचं वाक्य वाचलं का कोणी?"

"साहेब, त्यांना बोल लावू नका," सलूनवाला कात्री थांबवून म्हणाला. "पोस्टर आहे खुर्चीच्या मागच्या भिंतीवर. गिऱ्हाईक बघतं समोरच्या आरशात. त्यात अक्षरं उलटी दिसतात. चार वर्षं मीच विचार करतोय की ही कुठली भाषा."

"मग सांगायचं नाही का?"

"मला वाटलं, सरकारी आहे तर असेल काही तरी."

कविराजांनी ते पोस्टर काढून समोर लावायला सांगितलं. समोर आरसा होता. हा प्रश्न तिथेच सुटला.

बुधवारी ते कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये गेले. इथे त्यांची भिस्त पोस्टरवर नव्हती, जाहिरातीवर होती. दोन वर्षांपूर्वी विभागाने काळाबरोबर राहायचं ठरवून पन्नास सेकंदांची एक जाहिरात केली होती. ती रेडिओवर आणि फोनवर अजून चालू होती. तिच्यातला आवाज खुद्द कविराजांचा होता. ठरलेल्या कलावंताचा घसा ऐन वेळी बसला, म्हणून कोठारात वाटपाच्या घोंगड्या चारी बाजूंनी टांगून, आत कविराजांना उभं करून रेकॉर्डिंग उरकलं होतं. मजकूर बेचाळीस सेकंदांतच संपला. रेकॉर्डिंगवाल्याने घोंगडीतून हात आत घालून खूण केली, आठ सेकंद आहेत, बोला काही तरी. त्याच सकाळी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी भर जिन्यात, सुनेच्या देखत, "काय गं, अजून काहीच नाही?" असं विचारलं होतं. लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. कविराजांच्या डोक्यात ते खदखदत होतं, ते बाहेर पडलं. काय पडलं ते त्यांनी नंतर कधी ऐकलं नाही. स्वतःचा आवाज ऐकवत नाही कोणाला.

"जाहिरात? हो, येते ना फोनवर," टेबलावरचा एक मुलगा म्हणाला. "ती नमस्कारवाली!"

आणि टेबलावरची आठही मुलं एकासुरात, नाकातून, गळा ताणून म्हणाली, "नमस्काऽर, तरुण मित्रांनो!" शेजारच्या टेबलानेही साथ दिली. बशा धुणारा माणूससुद्धा आतून म्हणाला.

"पुढे काय आहे?" कविराजांनी विचारलं.

"कोणाला माहीत? पाच सेकंदांनी स्किपचं बटण येतं. बोधचिन्ह फिरतं, मग नमस्कार, की आलंच बटण."

"म्हणजे ती कशाची जाहिरात आहे, तेच तुम्हाला ठाऊक नाही?"

"विम्याची असेल," एक मुलगी म्हणाली. "पण नमस्कार मस्त आहे, काका. आम्ही सगळे एकमेकांना तसाच करतो."

कविराजांचा स्वाभिमान दुखावला होता, पण त्याच्या तळाशी कुठेतरी गुदगुल्याही होत होत्या. न राहवून ते म्हणाले, "नमस्कार, तरुण मित्रांनो." आपल्या खऱ्या आवाजात, जसा त्यांना परमेश्वराने दिला होता तसा.

"नाही जमलं," तो मुलगा म्हणाला. "अजून नाकातून, काका. सर्दी झाल्यासारखं."

त्यांनी तीनदा करून दाखवलं. तिन्ही वेळा नापास झाले. निघताना एका मुलीने फॉर्म हातात दिला. काय समजलं, याच्यापुढे तिने लिहिलं होतं, 'आम्हाला मुलं कधी व्हावीत याची सगळ्यांना काळजी आहे. नोकरी कधी लागेल याची कोणालाच नाही.' आणि काय केलं, याच्यापुढे, 'अर्ज. आतापर्यंत अकरा.' कविराजांना राग आला. राग नेमका कोणाचा, ते ठरेना. कारण त्या मुलीचं खोटं म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं. त्यांनी तो फॉर्म गठ्ठ्यात सगळ्यात खाली सरकवला.

घरी आल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. तळमजल्यावरचे निवृत्त मोजणीदार म्हणाले, "पन्नास कशाला? पाच घ्या आणि दहाने गुणा. मी अख्खी टेकडी तशी मोजली आहे." वरच्या काकूंनी तर आठ फॉर्म हातातून ओढूनच घेतले, "माझी भाची, तिची नणंद, नणंदेच्या मैत्रिणी, सगळ्यांकडून भरून आणते." दोन तासांत आणलेही. आठही फॉर्म एकाच हस्ताक्षरात होते आणि आठांतही समजलं काय तर, 'लवकर व्हावं.'

"काकू, हे तुम्हीच लिहिलंत!"

"त्यांच्या मनातलं लिहिलं. पोरींना कळतंय काय!"

ते आठ फॉर्म बाद झाले, आणि तिथून गुरुवारची वरात निघाली. कोठारपाल म्हणाला, नवे फॉर्म हवे असतील तर मागणीपत्र भरा. मागणीपत्राचा कागद संपला होता. तो मागवायला मागणीपत्र लागत होतं. झेरॉक्स चालणार नव्हती, कारण गोल शिक्का जांभळा असावा लागतो आणि झेरॉक्समध्ये तो काळा येतो. शेवटी बाद झालेले आठ फॉर्म "ओले होऊन खराब" अशा शेऱ्यासह परत करण्याची तोड निघाली. कोरडे फॉर्म ओले म्हणून घ्यायला कोठारपाल तयार होईना, तेव्हा कविराजांनी स्वतःच्या हाताने त्यांच्यावर पाण्याचा पेला उपडा केला. सव्वीस वर्षांच्या सेवेत सरकारी कागदावर पाणी ओतायची ही त्यांची पहिलीच वेळ होती.

संध्याकाळपर्यंत अठ्ठेचाळीस फॉर्म भरले. उरलेले दोन जेवणाच्या टेबलावर टाकून कविराज मटकन खुर्चीत बसले आणि गठ्ठा चाळू लागले. स्कूटर. नमस्कार. विमा. स्कूटर. 'काय केलं?' याच्यापुढे सत्तेचाळीस ठिकाणी 'काही नाही', 'स्किप', नाहीतर नुसती आडवी रेघ. आणि एके ठिकाणी ते अकरा अर्ज. एकाही तरुण माणसाने त्यांच्या सांगण्यावरून एकही गोष्ट केली नव्हती. सव्वीस वर्षं आपण भिंतीशी बोलत होतो, हे त्यांना पहिल्यांदाच स्पष्ट दिसलं, आणि उंदरांपेक्षाही ते जास्त लागलं.

हातपाय धुवायला उठले आणि बोळात घोड्याला ठेचकाळले. घोड्याच्या पाठीवर एक घडी घातलेला फॉर्म ठेवलेला होता. टेबलावरच्या दोनांतला एक. भरलेला.

हस्ताक्षर पाहताच कविराज ओळखून चुकले. सूनबाई वास्तुविशारदाकडे इमारतींचे नकाशे काढत असे. तिचं वाणसामानाच्या यादीतलं अक्षरही नकाशावरच्यासारखं, सगळं एका उंचीचं.

'संदेश ऐकला का? पूर्ण ऐकला. पन्नास सेकंद.

काय समजलं? घाई करायची नाही, तीन वर्षं थांबायचं, आणि निर्णय आम्हा दोघांचाच. शेवटचं वाक्य सगळ्यात आवडलं.

काय केलं? थांबलो. खरं म्हणजे आम्हीही स्किप करणार होतो, पण आवाज ओळखीचा निघाला. त्यांचं बोलणं मध्येच तोडायचं कसं? माझा नवरा तर ऐकताना उठून उभा राहिला.'

कविराज घोड्यावर बसले. घोडा कुरकुरला. पहिल्यांदा त्यांना आनंद झाला, अगदी निर्भेळ आनंद. एक जोडपं! सगळं ऐकलं, समजलं, अमलातही आणलं! विभाग वाचला! मग त्या आनंदाच्या मागून दुसरा विचार हळूहळू आत शिरला आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. साऱ्या गावात ज्या एका जोडप्यावर आपल्या प्रचाराचा परिणाम झाला, ते आपल्याच शेजारच्या खोलीत राहतं. नातवंडाच्या वाटेवर आपणच पन्नास सेकंदांची धोंड नेऊन ठेवली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ओरडायचं तरी कोणाच्या नावाने?

"काय झालं? असे घोड्यावर काय बसलात?" बायकोने येऊन फॉर्म हातातून घेतला. वाचला. परत वाचला. "शेवटचं वाक्य कोणतं?"

"आठवत नाही."

"तीन वर्षं थांबा, हे तुम्ही सांगितलंत?"

"खात्याने सांगितलं. मी नुसतं वाचलं."

बायकोने मुलाला हाक मारली आणि ती जाहिरात लावायला सांगितली. मुलगा आला, मागून सूनबाई आली. नमस्कार झाला, बटण आलं, बायकोने मुलाचं बोट धरून ठेवलं. त्या घरात कविराजांच्या आवाजाने पहिल्यांदाच सगळ्यांसमोर पूर्ण पन्नास सेकंद घेतले. आणि अगदी शेवटी, आठ सेकंदांच्या त्या जागेत, नाकातला आवाज चिडून म्हणाला, "आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी यात नाक खुपसू नये!"

बायकोने ते वाक्य तीनदा ऐकलं.

"वडीलधारी म्हणजे कोण?"

"वरच्या काकू," कविराज म्हणाले.

"त्या आपल्या घरात राहतात?"

कविराज घोड्यावरून उतरले.

"दोन वर्षं," बायको म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, "दोन वर्षं मी तुमच्या मागे लागलेय, विचारा, विचारा. आणि तुम्ही त्यांना सांगून मोकळे झालात, थांबा म्हणून! तेही रेडिओवरून! साऱ्या जगाला कळलं, मला सोडून!"

"आई," सूनबाई घाबरून म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुम्हा दोघांचं मिळूनच ठरलंय ते. समोर बोलायला बरं वाटत नसेल, म्हणून बाबांनी असं सांगितलं असेल. मला तर किती हलकं वाटलं होतं! माझ्या मैत्रिणींच्या घरी रोज टोमणे असतात. माझी परीक्षा आहे, ती झाली की... आठच महिने राहिलेत."

"आणि हा घोडा इथे तीन महिने उभा आहे, त्यावरून काही कळलं नाही?" कविराज जवळजवळ ओरडलेच.

मुलगा आणि सूनबाई यांनी एकमेकांकडे पाहिलं. "तुम्ही वाळवी बघत होतात ना, बाबा?" मुलगा म्हणाला.

त्या रात्री जेवताना बायकोने पोळी वाढली, पण ती ताटाच्या कडेला.

शुक्रवारी सकाळी कविराज निघाले तेव्हा हातात एकोणपन्नास फॉर्म होते. बायको डबा द्यायला जिन्यापर्यंत आली. तेवढ्यात वरून काकू उतरल्या आणि सवयीने म्हणाल्या, "काय हो, सुनेकडून काही बातमी?" कविराजांनी डोळे मिटून घेतले. बायकोने शांतपणे पदराआडून फोन काढला आणि काकूंच्या कानाशी धरला. बटण आलं, ते दाबू दिलं नाही. काकूंनी जिन्यात उभं राहून पन्नास सेकंद ऐकून घेतले. शेवटचं वाक्य झालं तेव्हा बायको म्हणाली, "आमच्या ह्यांचा आवाज आहे." आणि आत निघून गेली.

मॅडमनी फॉर्म मोजले. "एक कमी आहे."

कविराजांनी चष्म्यासाठी पिशवीत हात घातला, तर डब्याच्या झाकणाला रबरबँडने बांधलेला एक फॉर्म हाती आला. टेबलावरचा दुसरा. मॅडमनी तो घेतला आणि मोठ्याने वाचू लागल्या. "वय, एकोणतीस. संदेश ऐकला का? तीनदा. काय समजलं? नाक. काय केलं? गप्प बसले. फार जड जातं, पण बसले." त्यांनी वर पाहिलं. "ही एकोणतीस वर्षांची बाई फार शहाणी दिसते. कोण आहे?"

"नाव विचारायचं नाही असा नियम आहे, मॅडम," कविराज म्हणाले.

मॅडमनी तो आणि 'थांबलो' लिहिलेला, असे दोन फॉर्म वेगळे काढले. विभाग वाचला, म्हणाल्या. वर कळवते. मग खणातून एक कागद काढून त्यांनी कविराजांपुढे सरकवला. "परिणाम होतोय तर दुसरी जाहिरात लगेच करू. आवाज तुमचाच. यावेळी तीनऐवजी पाच वर्षं थांबा, असं म्हणायचं."

कविराजांनी कागद वाचला. यमकही चांगलं जुळलं होतं. सव्वीस वर्षांत वरून आलेला एकही कागद त्यांनी परत केला नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर फोनपुढे उठून उभा राहिलेला मुलगा आला, एका उंचीची अक्षरं आली, आणि डब्याला बांधलेला तो फॉर्म आला.

"मॅडम, हे मला वाचता येणार नाही," ते म्हणाले. "दुसरा कोणी तरी बघा."

"का? काय अडचण आहे?"

"तुम्ही विचारलं होतंत ना, ऐकतं कोण म्हणून? तीच अडचण आहे. माझं ऐकतात."

मॅडमनी कागद परत घेतला. घसा बसलेल्या कलावंताचा घसा एव्हाना केव्हाच बरा झाला होता. त्याने पुढच्याच आठवड्यात घोंगड्यांमध्ये उभं राहून सगळं वाचलं, आणि आठ सेकंद उरले तेव्हा रेकॉर्डिंगवाल्याने सनई भरली.

ती जाहिरात घरी पहिल्यांदा आली तेव्हा संध्याकाळचा चहा चालला होता. सूनबाईच्या फोनवर बोधचिन्ह फिरलं आणि एक भारदस्त, गोड आवाज म्हणाला, "नमस्कार, तरुण मित्रांनो." कविराजांचा कप हातातच राहिला. बायकोने सुनेच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"कोणी तरी परकाच आहे," सूनबाई म्हणाली, आणि तिने स्किपचं बटण दाबलं.

बायकोने कविराजांच्या बशीत आणखी एक बिस्किट ठेवलं, अगदी मधोमध.